शहर मोठं म्हणून टीमची टीव्ही किंमत मोठी, असं नाहीये
अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरची माझीच जुनी पोस्ट परत फिरतेय, की शहरात जितकी टीव्हीवाली घरं तितकी टीमची किंमत. ते चुकलं होतं माझं. 2014 ला रटगर्स आणि मेरीलँड या युनिव्हर्सिटीच्या टीम बिग टेनमध्ये (कॉलेज टीमचा एक मोठा गट) गेल्या तेव्हा हिशोब केबलचा होता, त्या भागातल्या कनेक्शनमागे बिग टेन नेटवर्कला, म्हणजे त्या गटाच्या टीव्ही चॅनेलला, पैसे मिळायचे, मॅच कोणी बघो न बघो. आता लोक केबल सोडतायत, म्हणून देशभरात किती जण बघतात ते महत्त्वाचं, आणि तो आकडाही समोरची टीम, वेळ, चॅनेल यावर हलतो. डॅलससारख्या मोठ्या शहरातली एसएमयू ही युनिव्हर्सिटी 2024 ला एसीसीत (असाच दुसरा गट) आली ती 9 वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडून! प्लीज, जुनी पोस्ट पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर तिथे हे टाका.