प्रश्नचिन्हाचा मतदार

मतदान गुप्त असते, असे कायदा सांगतो आणि कायद्याचा मान राखून यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गावही मतदानाच्या संध्याकाळपर्यंत तसेच मानते. व्हीव्हीपॅटच्या काचेआड आपली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. पण एवढ्या बंदोबस्तात टाकलेले मत कोणाला गेले, याचा निकाल पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत लागलेला असतो.

मी गावात कृषी केंद्र चालवतो. बियाणे आणि खत मृगात उधार न्यायचे आणि कापूस विकला की फेडायचे, असा इथला रिवाज असल्यामुळे माझ्या वहीत सगळे पक्ष गुण्यागोविंदाने नांदतात. ज्याच्याकडून येणे आहे, त्याच्याशी राजकीय मतभेद बाळगणे परवडत नाही. म्हणून "भाऊ, औंदा कोनाकडं?" या प्रश्नाला "पाहू, लोक काय म्हणतात" हे माझे ठरलेले उत्तर आहे आणि तेच माझ्या मुळावर आले आहे.

दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांकडे मतदारयादीची झेरॉक्स असते. आपल्या माणसाच्या नावापुढे बरोबरची खूण, परक्याच्या नावापुढे फुली. आमच्या घरातल्या चौघांपुढे मात्र दोन्ही याद्यांत प्रश्नचिन्ह आहे. एका यादीत तर ते तांबड्या शाईने दोनदा गिरवले आहे. फुलीवाल्याला कोणी त्रास देत नाही, तो सुखाने जेवतो आणि झोपतो. प्रश्नचिन्हवाल्याच्या ओसरीवर मात्र रात्री उशिरापर्यंत चपलांचे ढीग पडतात, आणि चहा त्याच्याच घरचा असतो.

२०२४ च्या लोकसभेला नागपुरात मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास अडकले आणि गडचिरोली-चिमूरमध्ये ते ७१ टक्क्यांच्या पुढे गेले, तेव्हा ग्रामीण मतदाराच्या जागरूकतेचे कौतुक झाले. गडचिरोलीचे मी सांगू शकत नाही, पण आमच्याकडची जागरूकता वेगळ्या जातीची आहे. नागपूरच्या फ्लॅटमध्ये दार लावून झोपलेल्या माणसाचे बोट तपासायला कोणी येत नाही. इथे २६ एप्रिलच्या उन्हात दुपारी बूथ ओस पडला, तर बाहेर मंडपात बसलेले पोट्टे यादी घेऊन घरोघर फिरतात. विधानसभेला २० नोव्हेंबरला ऐन वेचणीत बाया वावरात होत्या, तर त्यांना आणायला गाडी थेट धुऱ्यापर्यंत गेली. ग्रामपंचायतीची तर गोष्टच सोडा. तिथे पक्षाचे चिन्ह नसते, नुसते पॅनल असते, आणि पुण्याकडे कामाला गेलेले मतदार ट्रॅव्हल्सने आणवले जातात. मत न देणे हेही आमच्याकडे कोणाच्या तरी विरोधातले मतच धरतात.

खरी परीक्षा निकालानंतर सुरू होते. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकमेकींत मिसळण्याची सोय होती. यंत्र आले आणि प्रत्येक बूथचा आकडा सुटा कळू लागला. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली दिला होता, पण तो अंमलात आला नाही. तो आला असता तर मला निदान नोव्हेंबरातली जेवणे तरी गोड लागली असती, असे मला मनापासून वाटते.

कारण २३ नोव्हेंबरला मोजणीचा एजंट आमच्या बूथचे आकडे वहीच्या पाठकोऱ्या पानावर उतरवून घेऊन आला आणि त्यात 'नोटा'ला ३ मते निघाली. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटन २०१३ पासून आहे, परंतु ते दाबणारा माणूस आपल्या गावात असेल, हे कोणालाच पटेना. दोन्ही याद्या जन्मात प्रथमच शेजारी शेजारी मांडून ताळा करण्यात आला, आणि तोही माझ्याच दुकानात, युरियाच्या पोत्यांवर. खुणा जुळल्या, फुल्या जुळल्या, आणि बोटे येऊन प्रश्नचिन्हांवर थांबली.

"तीन तं समजले भाऊ," एकजण म्हणाला, "पन तुमच्या घरात चार मतं हायेत. चौथं कोनाचं?"

घराबाहेर यावर आठवडाभर चर्चा झाली. सुनेच्या माहेरचा पक्ष, मुलाची मित्रमंडळी, सगळे तपासून झाले. माझ्या बायकोला मी एकदाच विचारले, तेव्हा तिने परातीतले पीठ मळता मळता मतदान गुप्त असते, अशी आठवण मला करून दिली. दुकानात मात्र दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर सारखेच नाराज आहेत, आणि कापूस विकला गेला तरी उधारीचे नाव एकही पक्ष काढत नाही.