बिशप म्हणजे साहेब नव्हे

नाताळाच्या आधी आमच्याकडं चर्चसमोर फ्लेक्स लागला होता : 'मा. बिशप साहेबांचे हार्दिक स्वागत'. शेजारीच आमदारांच्या वाढदिवसाचा. टपरीवर चहा पिताना मामांनी विचारलं, "बिशप म्हंजे फादरच्या वरचा साहेब का रे?" मी हो म्हणून टाकलं. ते 'हो' अजून खटकतंय.

मूळ शब्द ग्रीक, एपिस्कोपोस. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. देखरेख करणारा, बस्स. मुळात त्यात धर्मही नव्हता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स आपल्या मांडलिक शहरांवर नजर ठेवायला जे अधिकारी पाठवायचं, त्यांनाही हेच म्हणायचे. पुढं लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'ए' गळाला, 'प'चा 'ब' झाला, आणि इंग्रजीत बिशप उरला. (बुद्धिबळातल्या बिशपचा आपण उंट केला, ते वेगळंच.)

मला खरं कौतुक मराठी बायबलचं. तिथं या शब्दाला 'अध्यक्ष' म्हटलंय. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. ग्रीक शब्दाच्या मापानं शिवल्यासारखा! पण आपण त्या शब्दाची माती केली. आता अध्यक्ष म्हटलं की साखर कारखान्याचा नाहीतर पतसंस्थेचा. त्यांचा डोळा कशावर असतो ते सांगायला नको.

हे ऐकून मामा म्हणाले, "मग मुकादमच की!" मामांनी वीस वर्षं ऊस तोडलाय, त्यांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखाच येतो. शिवाय मुकादम हा अरबी शब्द, अर्थ 'पुढं ठेवलेला'. पुढं मिरवणं निराळं, लक्ष ठेवणं निराळं.

बायबलातच येशूचा प्रेषित पौल यानं फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्रात तर एकाच गावात असे अनेक 'अध्यक्ष' आहेत. आज एका बिशपकडं अख्खा धर्मप्रांत असतो. आपला औरंगाबादचा १९७७ साली अमरावतीतून वेगळा निघाला. पोप म्हणजेसुद्धा मुळात रोमचा बिशप. 'पोप' ही तर लेकरानं बापाला मारायची हाक. २०१३ मध्ये फ्रान्सिस निवडून आले, सज्जात उभे राहिले आणि स्वतःबद्दल बोलताना 'रोमचा बिशप' हेच शब्द वापरले. आम्ही मात्र इथं 'मा.' आणि 'साहेब' दोन्ही लावणार.

कार्यक्रमाला मामाही आले होते. बिशपांच्या हातातल्या वाकड्या टोकाच्या काठीकडं बघत कानात म्हणाले, "ही तर धनगराची आकडी रे." मी म्हणालो, तीच. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी मंडपभर नजर फिरवली.

"मेंढरं लई कमी दिसत्यात," म्हणाले.