ती कविता १८६९ सालची नाही

परवा आतोबांच्या श्राद्धाला आत्याने वहीतून एक कविता वाचली. 'आणि माणसं घरी राहिली' अशी तिची सुरुवात. आतोबा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले, त्यामुळे वाचताना आत्याचा आवाज दोनदा अडकला. कवितेखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: कॅथलीन ओ'मेरा, १८६९.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं. कविता १८६९ ची, १९१९ मध्ये स्पॅनिश फ्लूच्या वेळी पुन्हा छापलेली, म्हणजे साथ आली की माणसं अशीच घरी बसतात आणि पृथ्वी बरी होते, असा तो मेसेज. २०२० पासून फिरतोय. आता पुरे झालं.

कविता मार्च २०२० ची आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या किटी ओ'मेरा या निवृत्त शिक्षिकेने ती लिहून फेसबुकवर टाकली. त्याच महिन्यात ओप्रा विन्फ्रीच्या मासिकाने त्यांची मुलाखत घेतली. डॉक्टरकीच्या पेशातल्या मित्रमैत्रिणींची काळजी वाटत होती, हातात काहीच नव्हतं, तेव्हा नवरा म्हणाला, पुन्हा लिहायला लाग. हे त्यांनी स्वतः सांगितलंय.

कॅथलीन ओ'मेरा नावाची आयरिश लेखिका होऊन गेली, हे मान्य. ती १८८८ मध्ये वारली. १९१९ च्या छपाईचा पुरावा कोणीच दाखवलेला नाही.

मला राग आहे तो तिसऱ्या मुद्द्याचा. साथीत माणसं घरी बसतात? आपल्याकडे प्लेगात उलटं झालं. उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून माळावर झोपड्या घालून राहायचे. जुन्या घरांतून अजून या आठवणी निघतात. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. आणि २०२० मध्येच, ८ मे च्या पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते पायी घरी निघाले होते. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडल्या होत्या.

किटीबाईंनी लिहिलं तेव्हा पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पृथ्वी बरी होईल ही त्यांची आशा होती, भीतीच्या पोटातून आलेली. दीडशे वर्षांपूर्वीची तारीख घातली की त्या आशेची भविष्यवाणी होते, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ती ऐकवली जाते.

आत्याला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थांब, पेन घेते. नाव सावकाश सांग."