अतिवास्तव, वास्तू आणि अल्पोपाहार

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मी स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचे वितळत्या घड्याळांचे चित्र प्रत्यक्ष पाहिले आणि परत आल्यावर ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवण्याची चूक केली. त्या चारचौघांत आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह होते. दर महिन्याला वक्ता मिळवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असल्यामुळे ते समोरच्याच्या बोलण्यात ज्ञान शोधत नाहीत, तास भरेल एवढा मजकूर शोधतात. मधुमेह, मृत्युपत्र आणि सायबर फसवणूक हे तिन्ही विषय होऊन गेलेले असल्याने माझी वर्णी लागली. 'अतिवास्तववादी चित्रकला : एक परिचय' असा विषय मी स्वच्छ अक्षरांत लिहून दिला होता. सभागृहाबाहेरच्या फळ्यावर तो 'अति वास्तुवादी चित्रकला' असा उतरला. परिणामी नेहमीच्या पंचवीस-तीस श्रोत्यांऐवजी साठेक मंडळी जमली आणि त्यांपैकी कित्येकांच्या हातांत आपापल्या घरांचे नकाशे होते.

दुसरे संकट प्रोजेक्टरचे होते. माझ्या लॅपटॉपची पिन आणि संघाचा प्रोजेक्टर यांच्यात एका पिढीचे अंतर असून ते कोणत्याही वायरीने सांधण्याजोगे नाही, हे वीस मिनिटांच्या खटपटीनंतर सिद्ध झाले. तेव्हा अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले, "चित्रांचे काय एवढे, तुम्ही तोंडी सांगा. आम्ही समजून घेऊ." चित्रकलेवरचे व्याख्यान एकाही चित्राशिवाय द्यायचे, तेही ज्या चित्रांत वस्तू आपल्या जागी कधीच नसतात अशा चित्रांविषयी, म्हणजे परीक्षाच होती.

मी इतिहासापासून सुरुवात केली. अतिवास्तववाद, म्हणजे इंग्रजीतला सररिअलिझम, हा शब्द 1917 मध्ये फ्रेंच कवी गियोम अपोलिनेर याने घडवला आणि 1924 मध्ये पॅरिसला आंद्रे ब्रताँ याने जाहीरनामा लिहून त्याची चळवळ केली. ब्रताँ मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना त्यांचे असंबद्ध बोलणे त्याने ऐकले, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉईडचे विचार वाचले, आणि ज्या शहाण्या, तर्कशुद्ध जगाने एवढा नरसंहार घडवला त्या जगापेक्षा स्वप्ने अधिक विश्वासार्ह असावीत असे त्याच्या मनाने घेतले. खुद्द फ्रॉईडला मात्र या शिष्यांचे कौतुक नव्हते. ही मंडळी, अल्कोहोलच्या हिशेबाने म्हणायचे तर, पंचाण्णव टक्के तरी मूर्ख आहेत अशी आपली समजूत होती, असे त्याने 1938 मध्ये दालीची भेट झाल्यानंतर एका पत्रात लिहिले आहे. दालीला पाहून ती जराशी डळमळली, एवढेच. माझ्या श्रोत्यांचे मत त्या घटकेला पंचाण्णवच्या पुढे सरकलेले दिसत होते.

एवढ्यात अध्यक्षांचा डोळा लागला. कार्यवाह त्यांना कोपराने ढोसू लागले तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण जाहीरनाम्यातच एक प्रसंग आहे. सँ-पोल-रू नावाचा कवी झोपायला जाताना दारावर 'कवी काम करीत आहे' अशी पाटी लावून ठेवत असे. अतिवास्तववादात झोप हा कामाचाच भाग आहे, असे मी सांगताच मागच्या रांगेतील चार-पाच जणांनी निःसंकोचपणे कामास प्रारंभ केला.

आता घड्याळांकडे वळणे भाग होते. हे चित्र 1931 मधले असून जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटरचे आहे. प्रत्यक्ष पाहताना पहिला धक्का घड्याळांचा बसत नाही, तर एवढ्याशा चित्रासाठी आपण एवढ्या लांब आलो याचा बसतो. मागे दालीच्या गावाकडचा, कातालोनियाचा कडेकपारींचा किनारा आहे, आणि पुढे वाळत घातलेल्या धोतरासारखे एक घड्याळ झाडाच्या फांदीवर लोंबते आहे. दुसरे एक मिटलेले आहे आणि त्यावर मुंग्या चढल्या आहेत. त्या रात्री डोके दुखत असल्यामुळे दाली घरी थांबला होता, त्याची सहचरी गाला मित्रांबरोबर सिनेमाला गेली होती, आणि जेवणानंतर टेबलावर उरलेले कॅमेम्बेअर नावाचे मऊ चीज पाहता पाहता त्याला ही घड्याळे सुचली, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे.

"म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचे राहिले," पहिल्या रांगेतील एक काकू म्हणाल्या. "मुंग्या येणारच."

सापेक्षतावाद, काळाचे विघटन, स्मृतीची नश्वरता असे जे काही मी रात्र जागून टिपून आणले होते, ते या वाक्यापुढे टिकेना. मला घाम फुटला. वीज गेली नव्हती, पण पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून पंखे बंद केले होते. 1936 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात दाली पाणबुड्याचा पोशाख चढवून, दोन दांडगे कुत्रे दोरीला धरून आणि हातात बिलियर्डची काठी घेऊन भाषणाला उभा राहिला होता. शिरस्त्राणात हवा मिळेना म्हणून तो जीव तोडून हातवारे करू लागला आणि श्रोत्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. शेवटी मित्रांनी ते कसेबसे काढले. हा किस्सा मी आतापर्यंत गमतीने सांगत आलो होतो. यापुढे सांगणार नाही.

बेल्जियन चित्रकार रने माग्रितचा विषय काढल्यावर वातावरण सुधारले, कारण तो माणूस श्रोत्यांना आपल्यातला वाटला. ब्रुसेल्समध्ये बायको आणि कुत्रा यांच्यासह नेमस्तपणे राहायचे, सूट घालून चित्रे काढायची आणि पोटासाठी जाहिराती रंगवायच्या. मला स्वतःला दालीपेक्षा हाच जास्त पटतो. दाली विचित्र दिसण्यासाठी फार कष्ट घेतो. माग्रित दुकानाच्या पाटीइतक्या स्वच्छ हाताने पाईप रंगवतो आणि खाली 'ही पाईप नाही' असे लिहून बाजूला होतो. एक गृहस्थ उसळून म्हणाले, "मग काय आहे?" मी म्हटले, "चित्र आहे. त्यात तंबाखू भरता येईल का?" ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले आणि मग शेजाऱ्याला म्हणाले, "बरोबर आहे त्यांचे." व्याख्यानाला आलेले हे पहिले यश होते.

त्याच भरात मी माग्रितचे 1938 मधले ते चित्र वर्णन करायला घेतले, ज्यात दिवाणखान्यातील भिंतीतल्या शेकोटीतून वाफेचे इंजिन धूर सोडीत अधांतरी बाहेर येते. शेकोटीच्या वर घड्याळ आहे आणि त्यामागे मोठा आरसा आहे. 'आरसा' हा शब्द कानी पडताच सभागृहातील सर्व नकाशे उघडले गेले. आरसा उत्तरेच्या भिंतीवर आहे की दक्षिणेच्या, शेकोटी आग्नेयेला येते का, आणि तसे नसेल तर इंजिन घुसण्याचे कारण तेच तर नसेल, अशा प्रश्नांची सरबत्ती झाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी रूळ नसताना गाडी पुढे सरकतेच कशी, हा मूलभूत आक्षेप घेतला. मी सर्वांना सांगितले की शेकोटीला जिथे धुराड्याचा नळ जोडायचा, तिथे माग्रितने धुराड्याचे इंजिन जोडले. बाकी खोलीतील प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे आहे आणि म्हणूनच ते इंजिन भिववते. नकाशा घेऊन आलेल्या एका बाईंनी हे टिपून घेतले. त्यांनी नेमके काय टिपले, याची मला अजून धास्ती वाटते.

अल्पोपाहाराचा चहा याच सुमारास फिरू लागल्यामुळे मेरेट ओपेनहाइम या कलावतीने 1936 मध्ये कपबशी आणि चमचा यांना केसाळ कातडे चढवले होते, हे सांगण्याची वेळ चुकली; पुष्कळांनी कप खाली ठेवले. पण या पुरुषी टोळक्यात बायकांना प्रेरणादेवता म्हणून मखरात बसवण्याची आणि कामाला लावण्याची जी सवय होती तिच्याविषयी मी तळमळीने बोललो. चित्रकार झुआन मिरोने चित्रकर्ती लिओनोरा कॅरिंग्टनच्या हातात पैसे ठेवून सिगारेटी आणायला सांगितले तेव्हा तिने 'तुमच्या तुम्ही आणा' असे खडसावले, हे सांगताच महिलांच्या बाजूने त्या संध्याकाळची एकमेव टाळी पडली.

दालीने 1967 मध्ये आपल्या एअर इंडियासाठी राखपात्राची रचना केली आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागून घेतले, तेही कंपनीने बंगळुरूहून विमानाने जिनेव्हाला पोचवले, ही शंभर टक्के खरी हकिकत मात्र एकानेही खरी मानली नाही. घड्याळ वितळते यावर विश्वास ठेवणारे रेल्वेवाले काका म्हणाले, "सर, काहीतरीच सांगू नका."

वेळ उरला होता, म्हणून अखेरीस मी पॅरिसच्या मंडळींचा 1925 च्या सुमाराचा खेळ खेळायला काढला. प्रत्येकाने कागदावर एक शब्द लिहायचा, घडी घालून तो झाकायचा आणि कागद पुढच्याला द्यायचा. 'सुंदर प्रेत नवी दारू पिणार आहे' अशा आशयाचे वाक्य या खेळातून निघाले आणि त्यावरून खेळाला 'सुंदर प्रेत' हेच नाव पडले. चित्रेही ते याच रीतीने काढत, एकाने डोके, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. मी पाच जणांना विशेषण, नाम, पुन्हा विशेषण, मग कोणाला आणि काय करतो, असे वाटून दिले. काकूंनी नाम लिहिले, खजिनदारांनी दुसरे विशेषण, आणि क्रियापदासाठी अध्यक्षांना जागे करण्यात आले. घड्या उलगडल्यावर कार्यवाहांनी खणखणीत आवाजात वाचले : "सेवानिवृत्त कुकर थकबाकीदार चंद्राला जेवू घालतो."

क्षणभर कोणी हसले नाही. मग काकू हळूच म्हणाल्या, "बिचारा," आणि ते कोणाला उद्देशून होते हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

कार्यवाहांनी ते वाक्य, वक्त्यांनी मांडलेला मुख्य मुद्दा म्हणून, इतिवृत्तात नोंदवून घेतले. पुढच्या महिन्याच्या सभेत ते इतिवृत्त वाचून एकमताने कायम करण्यात आले. खजिनदारांनी तेवढी एक दुरुस्ती सुचवली की, थकबाकीची रक्कमही नमूद असावी.