तपासणी झाली, अहवाल सावकाश

कर्करोग तपासणीचा कार्यक्रम यशस्वी करण्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर सर्वप्रथम एक गैरसमज मनातून काढून टाका. ही तपासणी रोग वेळेत सापडावा म्हणून करतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती आकडा गाठण्यासाठी करायची असते, आणि हा आकडा तपासलेल्यांचा असतो, उपचार मिळालेल्यांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २०३० पर्यंतची उद्दिष्टे ठरवली. त्यांत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत खात्रीच्या चाचणीने तपासणी व्हावी असे म्हटले, आणि ज्यांच्यात रोग आढळेल त्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार व्हावेत, अशी पुस्तीही जोडली. यातले सत्तर तेवढे पाठ करा. नव्वदाचे पुढचे पुढे.

केंद्राची वेळ कामाच्या दिवशी सकाळी दहा ते एक अशी ठेवावी. रोजंदारीवर जाणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही, आणि मग अहवालात 'लाभार्थींमध्ये जागरूकतेचा अभाव' असे लिहायला तुम्ही मोकळे. हे वाक्य फार उपयोगाचे आहे, कारण त्यात केंद्राच्या दोन जिन्यांचा आणि तपासणीच्या टेबलापुढे लावलेल्या, गुडघ्याच्या वरच संपणाऱ्या पडद्याचा उल्लेख करावा लागत नाही. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू, त्याच्या चाचणीसाठी स्त्रीला स्वतःचा नमुना स्वतःच घेता येतो आणि योग्य पद्धतीने केलेली ही चाचणी डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीची ठरते, ही गोष्ट मात्र बाहेर फुटू देऊ नका. बायका घरच्या घरी नमुना घेऊ लागल्या, तर उद्घाटनाच्या छायाचित्रात रांग कुठून आणणार?

गुणवत्तेचा आग्रह धरणारे काही जण भेटतीलच. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना, काही काढायचे नसले तरी, दुर्बीण बाहेर घेण्यास किमान सहा मिनिटे द्यावीत, असे ते घड्याळ दाखवून सांगतात, कारण आतड्याच्या घड्यांआड लपलेल्या गाठी घाईत नजरेतून निसटतात. तुम्ही तीन मिनिटांत उरका. निसटलेली गाठ त्या दिवशी तक्रार करत नाही. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, प्रतिमा दोन तज्ज्ञांनी एकमेकांचे मत न पाहता वाचाव्यात, ही सूचनाही अशीच खर्चिक. एकाच तज्ज्ञासमोर दिवसअखेरीस शंभर प्रतिमांची चळत ठेवली की मतभेदाचा प्रश्नच मिटतो.

ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात फार दमछाक होते. त्यापेक्षा ज्यांना गरज नाही त्यांनाच पुन्हा पुन्हा तपासावे. ते वेळेवर येतात, पैसे भरतात आणि आभारही मानतात. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण सुमारे पंधरापट झाले आणि मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी माणसांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचे व्रण उमटले. आलेख म्हणून पाहाल, तर याहून देखणे यश क्वचितच मिळेल.

खरे कौशल्य अहवाल कळवण्यात आहे. 'आपल्या नमुन्यात पेशींचे असामान्य स्वरूप आढळले असून पुढील व्यवस्थापनार्थ आपण संदर्भ केंद्रात उपस्थित राहावे' असे पत्र धाडावे. संदर्भ केंद्र कुठे आहे, तिथे कोणाला भेटायचे आणि असामान्य म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे, यातले काहीही त्यात येऊ देऊ नये. पत्र वाचून एखादी बाई रात्रभर जागी राहील, एखादी ते देवघरात ठेवून देईल. गर्भाशयमुखातील बदलांना कर्करोगाचे रूप घ्यायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या अवधीत तुमची बदली नक्की होईल.

जाण्यापूर्वी पाठपुराव्याची नोंदवही नव्या अधिकाऱ्याच्या हवाली करा. पहिल्या पानावर तपासलेल्यांची एकूण संख्या लाल शाईने अधोरेखित असावी. मधल्या पानांवर दूरध्वनी क्रमांकांचा रकाना आहे. त्यातले बरेच क्रमांक एका अंकाने कमी आहेत, आणि त्यांच्यापुढे एकाच वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'संपर्क होऊ शकला नाही'.