उन्हाळ्यात मोटारसायकलची हवा कमी करू नका

ऊन तापायला लागलं की एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतो, म्हणून मोटारसायकलच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी हवा भरा.’ त्याच्या खाली आणखी चार सल्ले असतात: योग्य दाब टायरवरच लिहिलेला असतो, प्रवासात टायर तापला की थोडी हवा सोडावी, हवा कमी असली की पकड वाढते, आणि नायट्रोजन भरला की दाब तपासायलाच नको. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा मानावा असा नाही, आणि पहिला तर सरळ उलटा आहे.

हवा प्रसरण पावते हे खरं. किती, ते मात्र संदेशात नसतं. २५ अंश सेल्सियसला टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली आणि आतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण ३२ होतो. अगदी ६० अंशांपर्यंत गेली तरी ३४ च्या आसपास. ही वाढ गाडीच्या कंपनीनं दाबाचा आकडा ठरवतानाच धरलेली असते. धडधाकट टायर एवढ्या दाबानं फुटत नाही.

तरी उन्हाळ्यात टायर फुटतात, हेही खरंच आहे. त्याचं कारण टायर तापतो कशानं यात आहे. रस्त्याला टेकलेला भाग भारानं चपटा होतो आणि चाक पुढे फिरलं की पुन्हा गोल होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला मोटारसायकलचं चाक सेकंदाला आठेक वेळा फिरतं. म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला आठ वेळा दबतो आणि सुटतो. तार पुढेमागे वाकवत राहिलं की ती तापते, तसंच इथं होतं. हवा जितकी कमी, तितका टायर जास्त दबतो, विशेषतः बाजूची भिंत, आणि तितकी जास्त उष्णता तयार होते. वरून ऊन, खालून तापलेलं डांबर, त्यामुळे ती उष्णता बाहेर पडायलाही वाव कमी. शेवटी आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. जुना, चिरा पडलेला टायर असेल तर हे आणखी लवकर घडतं. उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी करणं म्हणजे ज्या गोष्टीची भीती वाटते, तिलाच हातभार लावणं.

याच गैरसमजातून तापल्या टायरमधून हवा सोडण्याचा सल्ला येतो. समजा सकाळी बरोबर २९ होती. दुपारी तासभर गाडी पळवून थांबलात आणि दाब मोजायच्या गेजनं ३३ दाखवले. ‘जास्त झाली’ म्हणून तुम्ही ती २९ वर आणलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड झाल्यावर हाच टायर २५ च्या आसपास दाखवेल, आणि तुम्ही तशाच कमी हवेवर पुन्हा निघाल. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली आणि उन्हात न तापलेली. म्हणून तपासायची ती सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी. त्यासाठी खिशात मावणारं एक गेज स्वतःजवळ असावं आणि दर वेळी तेच वापरावं. अंगठ्यानं दाबून किंवा लाथ मारून काही कळत नाही. ट्यूबलेस टायरची भिंत इतकी ताठ असते की ८-१० पीएसआय कमी असतानाही तो बघायला ठीकच वाटतो.

‘दाब टायरवरच लिहिलेला असतो’ हा सल्ला अर्धवट वाचनातून आलेला आहे. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत मजकूर असतो, साधारण असा: ‘मॅक्स लोड २३० केजी ॲट २८० केपीए, ४१ पीएसआय, कोल्ड’. हा टायर जास्तीत जास्त किती भार पेलेल आणि तेव्हा किती दाब हवा, एवढंच तो सांगतो. तुमच्या गाडीचं वजन त्याला ठाऊक नाही. तोच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. एकट्यानं चालवताना तेवढी हवा भरली, तर टायर मधोमध झिजतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि खडबडीत रस्त्यावर चाक उडतं. आपला आकडा चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या पट्टीवर आणि मालकाच्या पुस्तिकेत असतो. पट्टीवर केपीए, म्हणजे दाबाचं दुसरं एकक, असेल तर २०० म्हणजे २९ पीएसआय, २२५ म्हणजे ३३, २५० म्हणजे ३६. त्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या चाकाचे आकडे बहुधा वेगळे असतात आणि डबलसीटसाठी मागचा आणखी वाढवलेला असतो. मागे माणूस आणि सामान बसलं की जवळजवळ सगळा वाढीव भार मागच्या चाकावर येतो. हवा वाढवायची खरी वेळ ही, आणि नेमकी हीच बहुतेकांकडून राहून जाते.

पकडीचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच तो फसवतो. चिखलात आणि वाळूत कमी हवेचा टायर पसरतो आणि पकड मिळते. ऑफरोडवाले १२-१५ पीएसआयवरही चालवतात. पण त्यांचा वेग कमी असतो, टायर वेगळे असतात आणि टायर रिमवर घसरून ट्यूबचा वॉल्व्ह उपटू नये म्हणून रिम लॉक बसवलेला असतो. शर्यतीच्या ट्रॅकवर चालवणारेही दाब कमी ठेवतात, कारण ते टायर पूर्ण तापल्यानंतरचा दाब साधत असतात. रोजच्या डांबरी रस्त्यावर कमी हवेनं हँडल जड होतं, वळणात गाडी खालून सरकल्यासारखी डुलते, आणि खड्ड्यात रिम थेट आपटून वाकते. ओल्या रस्त्यावर तर टायरखालचं पाणी बाजूला सारायला दाब लागतो. तो कमी असेल तर कमी वेगालाच चाक पाण्यावर तरंगू लागतं.

राहिला नायट्रोजन. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर शुद्ध नायट्रोजनही जवळपास तेवढाच दाब वाढवतो. तो कोरडा असतो आणि रबरातून थोडा हळू झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. खिळा घुसला किंवा वॉल्व्ह गळू लागला, तर तो साध्या हवेसारखाच निघून जातो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टायरलाही दर पंधरवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी गेज लावावंच लागतं, आणि आकडा कमी दिसला तर वरून साधी हवा भरायला काहीच हरकत नाही.