चार्जर कंपनीचा की गावाचा?

गावाकडून फोन आला की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, पण तालुक्याला चार्जर कुठाय? मग बोलणं सरकारवर येतं. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय, समृद्धी आणि अटल सेतूवर ई-मोटारींना टोलमाफी आहे. चांगलंच आहे. मुंबईहून निघालेला माणूस त्यामुळे आमचं गाव ओलांडून निर्धास्त पुढे जाईल. गावातल्या माणसानं रात्री गाडी चार्जिंगला कुठे लावायची, हे मात्र अजून कुणी सांगत नाही.

मी इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमधल्या एका खेड्यात राहतो. इथली जुनी दगडी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, दार थेट फुटपाथवर उघडतं. अंगण नाही, त्यामुळे घरचा चार्जर नाही. त्यात घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर वर्षानुवर्षे 20 टक्के. ज्याला गाडी लावायला स्वतःची जागा नाही, त्याच्याच खिशातून जास्त काढायचे, हा मला सरळ अन्याय वाटतो.

यावर इथल्या लोकांनी काढलेला मार्ग आपल्याकडे सांगण्यासारखा आहे. लँकेस्टरची 'चार्ज माय स्ट्रीट' ही संस्था सामान्य लोकांकडून शेअर भांडवल गोळा करते आणि गावाचं सभागृह, चर्चचं आवार अशा ठिकाणी चार्जर बसवते. घरापासून चालत पाच मिनिटांत चार्जर, हे तिचं उद्दिष्ट. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या महाराष्ट्राला यात नवं काय? दूध संस्थेचं आवार आहे, सोसायटीचं गोडाऊन आहे, पतसंस्थेसमोर मोकळी जागा आहे. वीजजोडणी आणि राखणदारही बहुतेक ठिकाणी आहेतच. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं 2018 मध्येच स्पष्ट केलंय. महागडा फास्ट चार्जर हायवेला लागतो. रात्रभर उभ्या राहणाऱ्या मोटारीला 7 किलोवॅट पुरतात, आणि बहुतेक ई-स्कूटरना साधा सॉकेट.

कुणी नगर जिल्ह्यात वीज पुरवणाऱ्या मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेची आठवण काढेल. थकबाकीत रुतलेल्या त्या संस्थेचं वीजवितरण 2011 मध्ये महावितरणकडे गेलं. पण तिथे वीज आधी आणि वसुली नंतर होती. चार्जरवर पैसे आधी घेता येतात.

मला खरी काळजी देखभालीची वाटते. बंद चार्जरच्या भरवशावर माणूस घरून निघालेला असतो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2024 पासून रॅपिड चार्जरचं जाळं वर्षात सरासरी 99 टक्के वेळ चालू ठेवायचं बंधन आहे, न पाळल्यास चार्जरमागे 10,000 पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे चार्जर किती बसवले याचा आकडा जाहीर होतो. त्यातले चालू किती, हेही तसंच जाहीर व्हायला हवं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. यंदा तुमच्या संस्थेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा: जागा कुठली, वीजभार किती वाढवायचा, युनिटचा दर काय, आणि चार्जर बंद पडला तर फोन कुणाला करायचा.